सावडीचा माणूस

शके अठराशे त्रेपन्न, चैत्र महिना. इंग्रजी साल एकोणीसशे एकतीस. पाडवा नुकताच झाला होता. वलवणच्या शिवारात भाताच्या रोपांसाठी राब भाजून झाले होते. खाचरे काळी पडली होती. हिरवी काडी हवी असली तर धरणाच्या भिंतीखाली शोधावी लागे. अशा दिवसांत भिमाजी बैलगाडीत बसून लोणावळ्याच्या दवाखान्यात निघाला. काम साधे होते. जांघेतला अंतर्गळ कापून घ्यायचा आणि टाके सुकले की घरी यायचे.

भिमाजी पन्नाशीला टेकला होता. अंगाने दांडगा. भाताचे भारे उचलण्यात त्याचा हात धरणारा गावात कोणी नव्हता. त्याच भाऱ्यांनी त्याला खाली बसवले. दोन पावसाळे त्याने जांघेला पट्टा बांधून काढले. तिसरा निघणार नव्हता.

मुलगा सोपान गाडी हाकत होता. मागे धोंडाबाई डोळ्यांना पदर लावून बसली होती.

"रडतीस कशाला?" भिमाजी नवऱ्याच्या तोऱ्यात म्हणाला. "आपला ढवळ्या बडवून खच्ची केला तवा तू अशी रडली न्हाईस."

सोपान बैलांकडे तोंड करून हसला. धोंडाबाईलाही हसू आले. ते तिने पदरात दाबले.

दवाखाना म्हणजे एक लांब कौलारू खोली, पलीकडे ऑपरेशनची लहान खोली, आणि अंगणापार एकटी दगडी खोली. त्या दगडी खोलीला खिडकी नव्हती. तिकडे कोणी बोट दाखवून बोलत नसे. लांब खोलीत फिनेलचा वास होता. खाटा सहा होत्या. भिमाजीला भिंतीजवळची मिळाली. शेजारच्या खाटेवर एक काळासावळा, तिशीचा गडी पाय पसरून बसला होता. पायाला फळ्या बांधल्या होत्या. तोंडावर मात्र आजारपण नव्हते.

"कंचा गाव?" भिमाजीने विचारले.

"वरली ठाकरवाडी, आबा. नवसू म्हंत्यात मला. कड्यावं मध काढाया गेलतो. दोर तुटला."

"आन् मध?"

"मध बी सांडला, पाय बी मोडला. माश्या तेवढ्या घरी आल्या."

भिमाजी मोठ्याने हसला. जांघेत कळ आली, तरी हसला. नवसूचा पाय जुळून आला होता. परवा फळ्या काढून त्याला सोडणार होते. त्याची बायको गंगी बाहेरच्या ओसरीवर तीन दगड मांडून भाकरी थापत होती. ती पोटुशी होती. चौथा महिना सरला होता.

दुपारी भिमाजीचे ऑपरेशन होते. सकाळपासून पोटात काही घालायचे नव्हते. धोंडाबाई आणि सोपान गुरांचे बघून दिवेलागणीला परत येणार होते. रिकामे पोट आणि रिकामा वेळ. माणूस कितीही दांडगा असो, अशा वेळी तोंड चालू ठेवतो.

"भ्या वाटतं का, आबा?" नवसूने हळूच विचारले.

"मला? मी काय बाईमाणूस हाय?"

"मला वाटलं होतं. पाय बसवताना त्यांनी ती दवा हुंगवली. मी पार खाली गेलतो. तितं लय अंधार हाय."

भिमाजी मिशीवरून हात फिरवून म्हणाला, "मग असं कर. तुला वाट ठावी झालीया. माझ्या बदली तूच जा. सावड करू आपण."

आता सावड म्हणजे काय, ते मावळात कोणाला सांगावे लागत नाही. बाहेरच्यासाठी सांगतो. भाताच्या आवणीला म्हणजे लावणीला, कापणीला, झोडणीला एका घरची माणसे पुरत नाहीत. आज तुम्ही माझ्या वावरात या, उद्या मी तुमच्या वावरात येतो. जितके अंग तुम्ही मोडले तितके मी मोडायचे. त्यात पैसा चालत नाही, धान्य चालत नाही. माणसाच्या बदली माणूसच द्यावा लागतो. फेडणारा आजारी पडला तर त्याच्या घरचे कोणी जाते. पण कोणीतरी जातेच. सावड बुडवणाऱ्याच्या दारात गावाचे कुत्रेही बसत नाही.

आणि सावड बरोबरीच्यांत होते. वलवणच्या मराठ्याने ठाकराशी सावड केल्याचे कोणी ऐकले नव्हते. ठाकराला मजुरीवर बोलावत. म्हणूनच भिमाजी ते इतक्या सहज बोलून गेला. बोलून पुन्हा हसला.

नवसू हसला नाही.

"तुमी लोक आमच्यासंगं सावड करत न्हाई."

"आज करतो."

"मंग फेडावी लागंल, आबा."

"फेडीन की!"

नवसूने ओसरीकडे पाहिले. गंगी चुलीतला धूर फुंकत होती. तो खालच्या आवाजात म्हणाला, "तिचं मागलं बाळंतपण लय वंगाळ गेलं. पोर गेलं, ती मरता मरता ऱ्हायली. सुईण म्हनली, आता पुन्यांदा नगं. पन झालं. भादव्यात हाय. मला दुसरं काय फेडून नगं. तिची जायची पाळी आली तर तिच्या बदली जाशाल?"

"तुझी फेडीन, तुझ्या बायकोची फेडीन, पोराचीबी फेडीन," भिमाजी म्हणाला. "झालं का समाधान? काढ तंबाखू."

सावड ठरली की एका चंचीतला तंबाखू दोघांनी खायचा, अशी रीत आहे. नवसूने उशीखालून चंची काढली. दोघांनी चिमूट चिमूट तोंडात टाकली. तेवढ्यात बयाबाई आली. दवाखान्यातली झाडलोट, भांडी, रोग्यांची उठबस तीच करी. जिभेने तिखट होती.

"थुका आधी! डाक्तरनं पाहिलं तर दोघांची तोंडं शिवून टाकील. मंग जांघ उघडीच ऱ्हाईल."

सगळी खोली हसली. नवसू तेवढा भिमाजीकडे बघत होता. भिमाजीला ऑपरेशनला नेताना तो म्हणाला, "आता आबा न्हाई म्हनायचा मी. सावडीत नावानं हाक मारत्यात."

ऑपरेशनच्या खोलीत डॉक्टर पुण्याकडचे होते, उंच, घाऱ्या डोळ्यांचे. त्यांनी तोंडावर जाळीची वाटी ठेवली. तीवर फडके, फडक्यावर औषधाचे थेंब. वास गोड होता. पिकून फुटलेल्या फणसासारखा.

"आकडे म्हणा," डॉक्टर म्हणाले.

"लाभ," भिमाजी म्हणाला. "दोन. तीन..."

"लाभ? एक नाही का येत तुम्हाला?"

खळ्यावर भात मोजताना पहिल्या मापाला कोणी एक म्हणत नाही, लाभ म्हणतात. भिमाजीला हे सांगायचे होते. पण जीभ लाकडाची झाली होती.

पुढे तो खाचरात उभा होता. गुडघ्याएवढा चिखल. संध्याकाळ व्हायला आलेली, आणि डोक्यावर भाताचा भारा. असा भारा त्याने जन्मात उचलला नव्हता. ओल्या पेंढ्याचे पाणी कानामागून खाली गळत होते. खळे पलीकडच्या बांधावर होते. दिवस बुडायच्या आत तिथे पोचायचे होते. का, ते त्याला माहीत नव्हते. एक पाय उपसला की दुसरा आत जाई. मान मोडायला आली. चिखल कमरेला लागला, मग छातीला. हाक मारावी तर तोंडात वारा नव्हता.

बांधावरून नवसू आला. पायाला फळ्या नव्हत्या. लंगडत नव्हता.

"तू बांधावर बस, भिमाजी," तो म्हणाला. "आज माझी पाळी."

त्याने भारा उचलून आपल्या डोक्यावर घेतला. दोन्ही हात वर करून धरला. आणि गेला. खळ्याकडे गेला, खळ्याच्या पलीकडे गेला. भिमाजी बांधावर बसून वाट बघत राहिला. नवसू परत आला नाही.

जाग आली तेव्हा दिवेलागण झाली होती. ओकारी आली. बयाबाईने तसराळे धरले. जांघ आगीसारखी जळत होती, पण जळते म्हणजे जिवंत आहे, एवढे त्याला कळले.

डॉक्टर खाटेशी आले. "तुम्ही आज आम्हाला चांगलंच घाबरवलंत, भिमाजीराव. तुमचा श्वास थांबला होता. नाडी लागेना. मी हात टेकले होते. आणि एकदम तुम्ही असा श्वास घेतलात, जसं कुणी छातीवरचं ओझं उचललं."

ते गेले. भिमाजीने मान वळवली. शेजारच्या खाटेवर तांबडी घोंगडी घडी करून ठेवली होती.

"नवसूला आजच सोडला?"

बयाबाईने तसराळे धुतले. पुसले. मग जवळ येऊन बसली. तिची तिखट जीभ कुठे गेली होती कोण जाणे.

"गेला तो. दुपारी."

"घरी?"

"घरी कशाचा... मला मधमाशीची गोष्ट सांगत हुता. सांगता सांगता थांबला. त्याची मान अशी खाली दबली, जसं कुनी वरून वझं ठिवलं. त्यानं दोनी हात डोक्यावर नेलं. काहीतरी धरलं. आन् तसाच गेला. डाक्तर तुमच्यापाशी. मी वरडले, पन..."

तिने पदराने तोंड पुसले.

"पाटील, त्याचं हात खाली येईनात. दोघांनी वडलं. तसंच वर ठिवून न्यावं लागलं. आन् केसात भाताची कुसं. ओली. महिनाभर तो खाटंवर हाय. चैतात ओली कुसं आली कुठनं?"

भिमाजीने डोळे मिटले. दोन्ही हात घोंगडीखाली ओढून घेतले.

धोंडाबाई आली, सोपान आला. भिमाजी डोळे मिटून पडून राहिला. औषधाची गुंगी आहे असे त्यांना वाटले. सोपान गाडीत झोपायला गेला. धोंडाबाई खाटेच्या पायथ्याशी लवंडली आणि दमून झोपली.

कंदील दाराजवळ टांगला होता. वात खाली केली होती. घाटातून आगगाडी चढत होती. शिटी आली, विरली. मग काही नाही. नुसते कौलांचे तडतडणे. दिवसभर तापलेली कौले रात्री निवतात आणि वाजतात, हे भिमाजीला ठाऊक होते. तो तेच ऐकत राहिला. टाक्यांमुळे त्याला कुशीवर वळता येत नव्हते.

आधी वास आला. ओल्या पेंढ्याचा. कापणीच्या दिवसांत खळ्यावर दहिवर पडते तेव्हा येतो तसा. फिनेलचा वास त्याखाली बुडून गेला.

मग शेजारची खाट करकरली.

भिमाजीने तिकडे पाहिले नाही. कौलांकडे बघत राहिला.

"भारा पोचवला..."

आवाज चढ चढून आलेल्या माणसाचा होता. धापा टाकणारा.

"लय जड हुता, भिमाजी... कसा उचलला हुतास..."

भिमाजीने धोंडाबाईला हाक मारायचा प्रयत्न केला. ती जागी झाली नाही.

"म्या बोलवीन... भादव्यात... तू ये. न्हाई जमलं तर घरचं कुनी धाड... पन माणूस पायजे..."

खाट पुन्हा करकरली. ओल्या पायांचा आवाज दाराकडे गेला आणि अंगणात उतरला. नवसूला ठेवले होते ती दगडी खोली त्याच बाजूला होती.

सकाळी बयाबाई झाडायला आली. दोन खाटांमध्ये फरशी ओली होती. तिने फडके आणून पुसले.

वाडीवरून माणसे आली आणि नवसूला घेऊन गेली. वर झाकलेल्या चादरीखाली हात उभेच दिसत होते. गंगी मागून चालली होती. भिमाजीच्या खाटेशी ती क्षणभर थांबली. रडून रडून आवाज बसला होता.

"तुमची त्यांची सावड झालीया म्हनं," ती म्हणाली. "काल सकाळीच सांगत हुते मला. लय खूश हुते. मराठ्यानं सावड केली म्हनून."

टाके निघाले. भिमाजी गावी आला. डॉक्टरांनी ओझे उचलायला कायमची मनाई केली. पारावर बसून तो दवाखान्याच्या गमती सांगू लागला. लाभ म्हणाल्यावर डॉक्टरचे तोंड कसे झाले ते सांगी. बयाबाई तोंडे शिवून टाकील म्हणाली ते सांगी. माणसे पोट धरून हसत. शेजारच्या खाटेचे मात्र त्याने कधी तोंडातून काढले नाही. बायकोलाही सांगितले नाही. आपण गमतीत बोललो होतो, असे तो मनाशी म्हणे. पण तंबाखू खाल्ला होता, हेही त्याला आठवे.

ज्येष्ठात त्याने सोपानबरोबर तांदळाचे पोते ठाकरवाडीवर गंगीकडे पाठवले. सोपान पोते तसेच परत घेऊन आला.

"घेत न्हाई म्हनली. म्हनली, सावड दाण्यानं फिटत न्हाई. कसली सावड, दादा?"

"काय न्हाई. जा, बैल सोड."

पाऊस लागला. आवणी झाली. भिमाजी बांधावर बसून नुसते बघत राहिला. श्रावण गेला. भादवा आला. भात पोटरीत आले होते. दाणा भरायला अजून महिना होता.

एका सकाळी, अजून पुरते उजाडले नव्हते, धुके अंगणात उतरले होते. दहा हातांवरचा गोठा दिसत नव्हता. भिमाजी जागा होता.

"भिमाजी... सावडीला चल..."

कुडाबाहेरून आवाज आला. गावात सावडीचे माणूस असेच पहाटे बोलावते. त्यात नवल काही नव्हते. नवल एवढेच की आवाज धापा टाकत होता.

भिमाजी वाकळेत पडून राहिला. श्वासही त्याने हळू घेतला.

"भिमाजी... सावडीला..."

तो हलला नाही. ऐकलेच नाही तर गेलो नाही असे होईल, एवढाच विचार त्याच्या मनात होता.

"कुनी हाय का घरात..."

"आलो! आलो!" पलीकडच्या खोलीतून सोपान ओरडला.

भिमाजी ताडकन उठला. सोपान बाहेर येऊन खुंटीवरचे इरले काढत होता. झोपेतले तोंड, केस विस्कटलेले. वीस वर्षांचा.

"कुटं निघालास?"

"कुनीतरी सावडीला बोलावतंय. तुमाला काय उचलायचं न्हाई. मी जातो तुमच्या बदली."

भिमाजीने त्याच्या हातातले इरले हिसकावून घेतले. इतक्या जोरात की सोपान भिंतीला टेकला.

"पाळी माझी हाय," भिमाजी म्हणाला. "तू या दाराच्या भाईर पाऊल टाकायचा न्हाईस. आज न्हाई."

धोंडाबाई जागी झाली होती. "अवं, कुटं जाताय? च्या तरी घ्या."

"भाकर दे. मिठासंगं चालंल."

त्याने उंबऱ्यावर बसून भाकरी खाल्ली. सगळी खाल्ली. पाणी प्याला. धोंडाबाईकडे पाहिले. तिचे कपाळ मोकळे होते; कुंकू लावायच्या आधीच ती उठून आली होती.

"कुक्कू लाव आधी," तो म्हणाला, आणि निघाला.

ठाकरवाडीची वाट चढाची होती. धुक्यात पुढे कोणी चालत होते. पाठ तेवढी दिसे, पुन्हा नाहीशी होई. चालणारा लंगडत नव्हता. भिमाजीची जांघ चढावर ओढ देत होती. तो थांबला नाही. एकदा म्हणाला, "लय भरभर चालू नगंस. येतोय की." पुढचा माणूस जरा हळू झाला.

नवसूच्या खोपटासमोर बाया उभ्या होत्या. आतून कण्हण्याचा आवाज येत होता. तो आवाज गंगीचा होता, पण माणसाचा वाटत नव्हता. विठाबाई सुईण दारात आली. तिचे हात कोपरापर्यंत रक्ताने भरले होते.

"कोन तुमी?"

"वलवणचा भिमाजी. सावडीला आलोय."

"आता कसली सावड? दोन दिस झालं तिला. पोर आडवं हाय. तिच्यात कायबी ऱ्हायलं न्हाई. घटका दोन घटका..."

"तू आत जा," भिमाजी म्हणाला. "तुझं काम कर. मी हितं बसतो."

अंगणात एक दगड होता. तो त्यावर बसला. इरले उतरवून बाजूला ठेवले. पाऊस बारीक पडत होता. त्याने चंची काढली, चिमूट तोंडात टाकली, आणि दुसरी चिमूट शेजारी दगडावर ठेवली.

आतले कण्हणे थांबले. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. भिमाजीला ओल्या पेंढ्याचा वास आला. घोट्याला गार चिखल लागला, मग गुडघ्याला. त्याने मान ताठ केली. उभ्या आयुष्यात असे ओझे त्याने एकदाच डोक्यावर घेतले होते, आणि ते त्याला पोचवता आले नव्हते.

खोपटातून पोर रडल्याचा आवाज आला.

"लाभ," भिमाजी म्हणाला.

विठाबाई धावत बाहेर आली. "वाचली ओ! दोघं बी वाचली! कसं झालं देवालाच ठावं..."

भिमाजी दगडावर बसला होता. मान खाली दबली होती. दोन्ही हात डोक्याच्या वर उचललेले, बोटे कशालातरी घट्ट धरल्यासारखी. विठाबाईने ते हात खाली ओढून पाहिले. आले नाहीत. त्याच्या भिजलेल्या केसांत भाताची कुसे अडकली होती, पिकलेली, पिवळीधमक. खाली शिवारात भात अजून हिरवे होते.

दगडावरची तंबाखूची चिमूट कोणीतरी उचलली होती.

सावड फिटली.